कूलर बंद करून केलेला अल्बम

माझा भाऊ ड्रम वाजवायचा असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कुठल्या बँडबाज्यात?" आता माझं वय झालं, पण या प्रश्नावर डोकं अजून फिरतं. बँडबाज्यात नाही हो. वरातीपुढे नाही. तो जॅझ वाजवायचा. नागपुरात, रेल्वेवाल्यांच्या क्लबात, दर शनिवारी. दिवसा एका सरकारी कचेरीत टायपिंग करायचा आणि शनिवारी संध्याकाळी टाय लावून सायकलवर निघायचा. आमच्या मोहल्ल्यात टाय फक्त त्याच्याकडे होता, तोही क्लबातल्या गार्डसाहेबानं दिलेला.

हा गार्डसाहेब अँग्लो-इंडियन, मालगाडीवर गार्ड, आणि क्लबातल्या बँडचा ड्रमर. भाऊ कॉलेजात असताना एका मित्रासोबत तिथे गेला, आणि तेव्हापासून त्याचं घरात लक्ष लागेना. म्हाताऱ्यानं त्याला हात धरून शिकवलं. पुढे ती सगळी मंडळी एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली. गार्डसाहेबही गेला आणि जाताना ड्रमचा सगळा संसार भावाच्या हवाली करून गेला. पियानोवाल्याची बदली झाली, सॅक्सोफोनवाला वारला. राहिला माझा भाऊ, क्लबाच्या अडगळीच्या खोलीत पडलेले ड्रम, आणि सोबत वाजवायला कुणी नाही.

आमच्या आईनं त्याचं वाजवणं एकदाही ऐकलं नव्हतं. ऐकायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. बाबा लवकर गेले. आईनं लोकांचे ब्लाउज शिवून आम्हा दोघांना वाढवलं. ज्या ठिकाणी बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचतात तिथे जाऊन आपल्या पोरानं पत्रे बडवावेत, हे तिला काही केल्या पचत नव्हतं. शनिवारी ती त्याचं ताट झाकून ठेवायची आणि तो आला की दुसऱ्या खोलीत जायची.

"आई, एक डाव ये," तो म्हणायचा. "एक डाव ऐक, मंग दे ना शिव्या."

"न ऐकताच देऊन राहिली ना बाप्पा. ऐकून काहून देऊ?"

यावर दोघंही हसायचे. पण हे त्याला लागायचं, मला ठाऊक होतं. एकदा दोघं ओसरीवर बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "क्लबातले सारे टाळ्या वाजवते वं. पण ज्या घरात मी खातो, त्या घरात कोणाले मालूमच नाई मी काय करतो ते." मी म्हटलं, मला आहे ना मालूम. तो म्हणाला, "तुले कोण विचारते, पोट्टी?" आणि माझी वेणी ओढून उठून गेला. आईनं एकदा समोर बसून आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

लहानपणी त्याला सांधे सुजून ताप यायचा. त्या तापानं आत काय करून ठेवलं होतं ते पुढे कळलं, जेव्हा तो कचेरीचा जिना चढताना मधेच बसायला लागला. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, मुंबईला जाऊन ऑपरेशन करावं लागेल. तोवर ओझं नाही, जिना नाही, धावपळ नाही. मी सोबत होते. भावानं पहिला प्रश्न विचारला तो ड्रमचा. डॉक्टर म्हणाले, ते तर विसराच. हा पठ्ठ्या ऐकतोय कुठे! "साहेब, पाय बंद करतो. काठ्या बंद करतो. ब्रश तं चालन ना?" डॉक्टरांना ब्रश म्हणजे काय ते कळेना. मग यानं त्यांच्या टेबलावर बोटं फिरवून दाखवलं. जॅझवाले ड्रमवर काठीच्या ऐवजी बारीक तारांचा जुडगा गोल गोल फिरवतात, त्याचा सुस्स सुस्स असा मऊ आवाज येतो, मधेच एक हलकी चापट. त्याला जोर लागत नाही. डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरं, थोडं थोडं. हे "थोडं थोडं" त्यानं बाहेर येईपर्यंत विसरून टाकलं.

आता माझं. मी पॉलिटेक्निकातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. मुलगी हातात डाग देण्याची गरम सळई घेऊन बसली आहे हे पाहून मला बघायला आलेले पाहुणे दारातूनच परत जायचे. आईचा त्यावरूनही जीव खाली-वर. मला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. मी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात एक यंत्र बसवलं होतं. एका बटणानं त्यातून धप्, धप्, धप् असा सारखा ठोका पडायचा. दुसरी बटणं फिरवली की लांबच लांब सूर निघायचे, खालून वर चढत जाणारे, माणसाच्या गळ्यातून किंवा कुठल्या वाद्यातून न येणारे. मोहल्ल्यातली पोरं त्याला भुताचा डबा म्हणायची, आणि आईनंही त्यातले ते विचित्र सूर तेवढेच ऐकले होते. कळमेश्वरच्या आत्यानं तर मला अंगारा लावून घ्यायला सांगितलं होतं.

ड्रमर पायानं मोठा ढोल वाजवतो. ताल त्याच्यावर चालतो. भावाचा पाय बंद झाला होता. एका रविवारी तो माझ्या टेबलापाशी येऊन बराच वेळ त्या डब्याचा ठोका ऐकत बसला आणि म्हणाला, "माह्या पायाचं काम तुह्या डब्ब्याले देऊन टाकू?"

असं ते सुरू झालं. आज कुणी सांगतं, इलेक्ट्रॉनिक आणि जॅझ एकत्र केलं म्हणून, आणि मोठ्या कौतुकानं सांगतं. आम्ही काही एकत्र वगैरे करायला निघालो नव्हतो. त्याचा पाय गेला होता आणि माझ्याकडे डबा होता.

पहिले काही दिवस भांडणातच गेले. माझा ठोका घड्याळाच्या काट्यावर, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. हा मात्र मुद्दाम जरासा मागे राहायचा, मग पुढे यायचा, मग कुठेतरी भलतीकडेच चापट मारायचा. मला वाटायचं याला जमतच नाही. मी ओरडायचे, "दादा, चुकलास!" तो म्हणायचा, "भैताड आहे का वं तू? तू सरळ चाल. वाकडं मी चालतो." हळूहळू माझ्या कानाला ते कळायला लागलं. डब्याचा ठोका म्हणजे रस्ता होता आणि हा त्या रस्त्यावरून हुंदडत चालायचा. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. घरात इतकी वर्षं हा माणूस होता आणि मलाही तो काय करतो ते माहीत नव्हतं.

मग त्यानं ठरवलं, कॅसेट करायची. कॅसेट नाही, अल्बम. हा शब्द त्यानं गार्डसाहेबाच्या तबकड्यांवर वाचला होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अल्बम काढायचाच असन तं लग्नाचा काढा. दोघंही घोडे झाले." तरी तिनं ड्रम घरात आणायला परवानगी दिली. ऑपरेशनला जायच्या आधी पोराचं मन मोडू नये, असं तिला वाटलं असावं. अट एकच. ती घरात असताना पत्रे वाजायला नकोत.

मुंबईची तारीख जूनची मिळाली होती. म्हणजे हातात होता मे महिना. नागपूरचा मे ज्यानं काढला नाही त्याला मी काय सांगणार? आमच्याकडे लोखंडी पत्र्याचा कूलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा. तो सुरू केला की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायचं नाही, इतका घरघर करायचा. सकाळी नळावरची भांडणं आणि भाजीवाले, संध्याकाळी गल्लीत पोरांचं क्रिकेट. शांतता फक्त भर दुपारी, जेव्हा भाजणारी लू चालते आणि बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणजे दुपारीच रेकॉर्डिंग, आणि कूलर बंद. आम्ही खिडक्यांना गोधड्या बांधायचो, दार लावायचो आणि कूलरचं बटण बंद करायचो. आई हातपंखा आणि शिवायचा ब्लाउज घेऊन शेजारणीकडे निघायची. "मरा त्या भट्टीत," असं म्हणून जायची, आणि जाताना माठातलं पाणी भरून त्याच्याजवळ ठेवायची.

आमचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, एका पाटावर, ब्रशच्या अगदी जवळ. डब्याचा स्पीकर लांब, कोपऱ्यात, कारण तो दांडगा आणि ब्रश गरीब. एवढं करूनही ठोकाच जास्त यायचा. भाऊ बनियनवर बसायचा, डोक्याला ओला पंचा. घामानं ब्रश हातातून निसटायचा. मी त्याला म्हणायचे, आज राहू दे. तो म्हणायचा, "जूनमध्ये तूच वाजवशील का मंग?" आणि मी पुन्हा ठोका लावायचे. त्याला परत येण्याबद्दल शंका होती का? मला वाटतं, होती. त्यानं तसं कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

गार्डसाहेबानं त्याला एक नियम शिकवला होता. नाचणाऱ्यांची एक जोडी जरी उभी असली तरी ड्रमरनं थांबायचं नाही. बाकीचे थांबतील, पाणी पितील, घाम पुसतील, पण ड्रम चालू राहिला पाहिजे. दुसऱ्याच्या आधी थांबणं ही त्यांच्यात लाजेची गोष्ट. माझा नियम दुसरा. तो मोठा भाऊ, वाजवणारा तो, तेव्हा त्यानं ब्रश वर उचलल्याशिवाय मी डब्याला हात लावायचा नाही. हे दोन नियम एकमेकांत असे अडकतील हे आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. तोवर प्रत्येक तुकडा त्यानं आधी ठरवल्याप्रमाणे संपवला होता.

शेवटच्या तुकड्याला त्यानं काहीच ठरवलं नाही. म्हणाला, जसं जाईल तसं जाऊ दे. मी ठोका लावला आणि तो सुरू झाला. काय सुरेख वाजवत होता! सुरुवातीला तर ब्रश नुसता चामड्यावर टेकवून ठेवल्यासारखा, कुजबुजल्यासारखा. मी वरून लांब सूर सोडत होते. त्या दिवशी उन्हानं कहर केला होता, आणि डबा आतून तापला. तापला की माझ्या यंत्राचा ठोका हळूहळू जलद व्हायचा. एरवी मी ते लक्षात ठेवून मधेच थांबवायचे. त्या दिवशी मी त्याच्या ब्रशकडे बघत होते. ठोका वाढत गेला. त्याला वाटलं मी मुद्दाम वाढवतेय, नाचणारे रंगात आले की बँड वाढवतो तसं. मग त्यानंही वेग वाढवला. मला वाटलं त्याला हेच हवंय. तो थांबेना आणि मी थांबवेना. तो माझ्याकडे पाहून हसत होता, ओठ काळेनिळे पडले होते तरी हसत होता, आणि मी त्याचा ब्रश वर उचलला जाण्याची वाट पाहत होते. शेवटी टू-इन-वनचं बटण खटकन वर उडालं. कॅसेटची बाजू संपली होती.

तो मागच्या मागे भिंतीला टेकला. छाती अशी उडत होती की मला बनियनमधून दिसत होती. मी घाबरून कूलर लावला, पाणी मारलं, रडायला लागले. बोलता यायला लागल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "थांबवलं काहून नाई वं?" मी म्हटलं, तू काहून नाही थांबलास? मग तो इतका हसला की त्याला पुन्हा धाप लागली.

आई परतली तेव्हा त्याची ती दशा पाहून तिनं आम्हा दोघांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. त्यातल्या निम्म्या पिढ्या तिच्या स्वतःच्याच होत्या. ती बोलत होती आणि ओल्या पदरानं त्याचे पाय पुसत होती. तो म्हणाला, "आई, झालं. आता नाई वाजवत. तुह्यासाठी करून ठेवलं आहे सारं."

"माह्यासाठी?"

"हाव. मी आलो का ऐकवतो. तू इथी बसशील, मी तिथी बसन. तुह्यं तोंड पाहायचं आहे मले."

आई उठून चहा ठेवायला गेली.

मला त्यानं बजावून ठेवलं होतं, मी येईपर्यंत तिला ऐकवायचं नाही. स्टेशनवर काटोलचे मामा त्याच्यासोबत जायला आले होते. आईनं पुऱ्यांचा डबा दिला, देवाची सुपारी त्याच्या खिशात टाकली. गाडी हलायला लागली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "ऐकशील ना गं आई, पुरं?" आई गाडीसोबत चालत होती. "तू ये तं आधी," ती म्हणाली. "तू ये, मी दिवसभर ऐकन."

ऑपरेशन झालं आणि तो शुद्धीवरच आला नाही. मामांनी तिकडेच अग्नी दिला. घरी अस्थी आल्या, एका छोट्या मातीच्या मडक्यात, पांढऱ्या कापडानं तोंड बांधलेलं. रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. आईला त्याचं शेवटचं तोंड दिसलं नाही. "पाहिलं नाई, पाहिलं नाई," असं ती कितीतरी महिने कपडे शिवता शिवता म्हणत असायची, समोर कुणी नसताना. मला तिचा राग यायचा. मनात यायचं, पाहण्याचं सांगतेस, ऐकायला कुणी मनाई केली होती? त्याच्या क्लबात एकदा पाय टाकला असतास तर काय झिजलं असतं? हे मी तिला बोलून दाखवलंही, एकदा, फार वाईट शब्दांत. ज्या बाईनं आयुष्यात कधी शब्द खाली पडू दिला नाही, ती मान खाली घालून काजं करत बसली.

वर्षश्राद्ध झालं. पानं उठली, माणसं गेली. दुपारी आईनं पुन्हा अंघोळ केली, नवं लुगडं नेसली, डोक्यावरून पदर घेतला. कीर्तनाला जाताना घ्यायची तसा. पाट मांडून टू-इन-वनसमोर बसली आणि मला म्हणाली, "त्याचं वाजवणं लाव वं बाई."

तो येईपर्यंत लावायचं नाही असं ठरलं होतं. पण येणार कोण होतं आता? मी कॅसेट काढली, शेवटच्या तुकड्याची बाजू लावली, आणि भिंतीशी जाऊन बसले. तो बसणार होता त्या बाजूला. त्याला पाहायचं होतं ते तोंड मी पाहत होते.

धप्, धप्, धप् सुरू झालं. मागोमाग ब्रश. सुस्स, सुस्स, आणि मधेच ती हलकी चापट, जरा मागे राहून. वर्षभरानं तो पहिल्यांदा खोलीत आला. मी तोंडावर हात धरला.

आई स्पीकरच्या जाळीवर हात ठेवून ऐकत होती. ठोका पडला की तिची बोटं थरथरायची. थोड्या वेळानं तिची मान त्या ठोक्यावर हलायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडावर हसू होतं. "कसा वाजवते वं," ती म्हणाली. "एकसारखा. कुठी चुकत नाई. मी उगाच..."

ती माझ्या डब्याच्या ठोक्यावर हात ठेवून बसली होती. तिला वाटत होतं तो तिचा पोरगा आहे.

माझ्या जिभेवर आलं होतं. आई, तो नाही. तो माझा तुपाचा डबा आहे. त्या ठोक्याच्या मागून येतोय तो आवाज ऐक, तो दादा आहे. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तिनंच कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं.

"हे सुस्स सुस्स काय येऊन राहिलं वं मधात? क्यासेट खराब झाली का? याच्यानं त्याचं वाजवणं नीट ऐकू येऊन नाई राहिलं. कमी कर ना."

मी उठले. टू-इन-वनवर आवाजाच्या बटणाशेजारी टोनचं बटण होतं. ते डावीकडे फिरवलं की बारीक आवाज सगळे जातात, जाड तेवढे राहतात. मी हात तिथे ठेवला. आई माझ्याकडे आशेनं पाहत होती. तिला ऐकायचं होतं. इतक्या वर्षांनी, पुरं, शेवटपर्यंत तिला ऐकायचं होतं. मी बटण फिरवलं. ब्रशचा आवाज बारीक होत होत गेला, माझे वरचे सूरही विरले. मग उरला नुसता ठोका.

आईनं डोळे मिटले आणि हात पुन्हा जाळीवर ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता कसा एकट्या माह्या पोराचाच आवाज येऊन राहिला."